महिन्याची पेटी: मानधनावर लिहिणाऱ्यांनी स्वतःचं वाचन कसं सांभाळावं

भाचीने नोकरी सोडून घरून लिहायचं ठरवलं, तेव्हा शब्दामागे किती दर सांगायचा हे ती आधी विचारेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "मावशी, दिवसभर लिहून झाल्यावर तू वाचतेस कधी?"

प्रश्न नेमका होता. मी सोळा वर्षं बडोद्यात, दांडिया बाजारातल्या घरी बसून मराठीत लिहिते आणि गुजराती-हिंदीतून अनुवाद करते. त्यातली पहिली पाच वर्षं मी कामाबाहेरचं जवळपास काहीच वाचलं नाही. लेखासाठी संदर्भ चाळायचे, अनुवादाचं पुस्तक तीनदा वाचायचं, आणि रात्री डोळे मिटायचे. मग एका संपादकांचा फोन आला, "ताई, हे वाक्य तुमच्या मागच्या लेखातही होतं." मी दोन्ही लेख काढून पाहिले. वाक्य तर तेच होतंच, पण वळणंही तीच होती. आत नवं काही पडत नव्हतं, म्हणून बाहेरही जुनंच येत होतं.

उपाय मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत सुचला. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं. शहरात मोठं ग्रंथालय आणि गावांसाठी फिरती वाचनालयं. लाकडी पेटीत मोजकी पुस्तकं भरून ती गावाला जायची, वाचून झाली की परत यायची आणि पुढच्या गावाला निघायची. मला त्या पेटीचा आकार आवडला. मावतील तेवढीच पुस्तकं, कुणीतरी विचार करून निवडलेली, आणि परत जाण्याचा दिवस ठरलेला. माझ्या कपाटात तेव्हा न वाचलेली दीडेकशे पुस्तकं होती, आणि त्या ढिगामुळेच एकही हातात घेतलं जात नव्हतं.

तर पहिली गोष्ट, एक लहान पेटी घ्या. माझ्याकडे आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे, हातभर लांब. बुटांचं खोकंही चालेल, पण झाकण हवं आणि ती पलंगाजवळ राहायला हवी. महिन्याच्या एक तारखेला तिच्यात सहा पुस्तकं ठेवायची, सातवं नाही.

निवड करताना कामाची पुस्तकं दोनच घ्या. तिसरं, तुम्ही ज्या भाषेतून अनुवाद करता त्या भाषेतलं, पण अनुवाद करायचं नसलेलं. चौथं कवितेचं. पाचवं तुमच्या जन्माआधी छापलेलं. असं पुस्तक घरात नसतं, म्हणून त्या निमित्ताने ग्रंथालयात पाय वळतो. सेंट्रल लायब्ररीत लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर उतरावा म्हणून. तिथे उभं राहून एखादं पिवळं पडलेलं मराठी पुस्तक उघडलं की शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात लोक कसं वाक्य बांधत होते ते दिसतं. सहावं पुस्तक अशा विषयाचं, ज्यातलं आपल्याला काहीच कळत नाही. माझं गेल्या महिन्यात विहिरी बांधण्यावरचं होतं. त्यातून मला 'थारोळं' हा शब्द पुन्हा भेटला, मोटेचं पाणी पडतं ती जागा. लहानपणी ऐकला होता, मग वर्तमानपत्रांनी तो रक्ताच्या बातम्यांपुरता ठेवला.

वाचायची वेळ सकाळची ठेवा, फोन बघण्याआधीची. याबाबत मी हट्टी आहे. लिहून झाल्यावर डोळा मुद्रितं तपासल्यासारखा चालतो, दुसऱ्याच्या ओळीतही चुका शोधतो. सकाळी तो मोकळा असतो. मी सव्वासहाला चहा घेऊन गॅलरीत बसते आणि दूधवाला येऊन गेला की उठते, साधारण पाऊण तास. त्या वेळात एकदा फोन हातात घेतला की कुणाचं तरी "तो मजकूर कधी?" दिसतं, आणि त्या दिवसाचं वाचन संपतं.

पेटीत एक वहीही ठेवा. अवतरणं उतरवू नका, ती पुन्हा उघडली जात नाहीत. शब्द उतरवा. माझ्या वहीत डाव्या पानावर गुजराती आणि उजव्या पानावर मराठी असते. गुजरातीतला 'नवरो' म्हणजे रिकामा, फावला वेळ असलेला. आपला नवरा वेगळा. हा फरक बडोद्यातलं पोरही सांगेल. धोका आहे तो 'काले' सारख्या शब्दाचा. गुजरातीत तो गेलेल्या दिवसालाही वापरतात आणि येणाऱ्यालाही, आणि कुठला दिवस ते शेवटचं क्रियापद येईपर्यंत कळत नाही. घाईत हात 'काल' लिहून पुढे जातो आणि कथेतली बाई उद्या जायची ती कालच निघून जाते. माझ्या हातून असं एकदा छापलं गेलं आहे. तेव्हापासून वाक्य शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी पहिला शब्द लिहीत नाही. ही शिस्त मला कामाच्या पुस्तकाने लावली नाही, तिसऱ्या क्रमांकाच्या, कामाच्या नसलेल्या पुस्तकांनी लावली, कारण ती मी सावकाश वाचत होते.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण उधारीच्या काळजीत वाचन होत नाही. काम घेण्याआधी दर, शब्दसंख्या आणि पैसे देण्याची तारीख ईमेलवर लिहून घ्या. एका प्रकाशकाकडे माझे पैसे नऊ महिने अडकले होते आणि माझ्याकडे दाखवायला फक्त फोनवरचं बोलणं होतं. मानधनातून कर कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झाला का, हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला बघा. जुन्या लेखनाचा अनुवाद स्वतःहून करणार असाल तर हक्क तपासा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे १९६५ साली वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून खुलं झालं. त्याआधी वारसांचं पत्र लागतं.

वर्षाचं गणित आपल्या गावाप्रमाणे मांडा. दिवाळी अंकांची पत्रं उन्हाळ्यातच येऊ लागतात आणि मजकूर पावसाळ्यात द्यायचा असतो. इथे दिवाळीच्या तोंडावर नवरात्र येतं, नऊ रात्री गरबा, गल्लीत दोन वाजेपर्यंत जाग. त्या दिवसांत मी मोठं काम घेत नाही. उत्तरायणाचे दोन दिवस सगळं शहर गच्चीवर असतं, त्यामुळे १४ आणि १५ जानेवारीला मुद्रितं येतील असं कुणालाही कबूल करू नका. या सुट्ट्या मी पेटीतल्या पुस्तकांसाठीही वापरत नाही. पतंगाच्या दिवशी पतंगच बघावा.

आता छंद. लिहिणाऱ्या माणसाला एक काम असं हवं, ज्यात शब्द लागत नाहीत. माझं झाडांचं आहे. दर गुरुवारी सकाळी मी कमाटीबागेत जाते, सयाजीरावांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी केलेल्या बागेत. एका झाडाखाली बसून एकच पान काढते, पेन्सिलने. चित्रं बरी येत नाहीत आणि ती कुणाला दाखवायचीही नाहीत. पावसाळ्यात गोरखचिंचेचं फूल बघायला जाते. इथे तिला रुखडो म्हणतात. फूल पांढरं, तळहाताएवढं, संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतं, म्हणून दोन वेळा जावं लागतं.

एकदा मी या झाडांवर सदर लिहायचं कबूल केलं. पुढचे आठ महिने मला एकाही झाडाखाली स्वस्थ बसता आलं नाही. पान दिसलं की सुरुवातीचं वाक्य सुचायचं आणि सहाशे शब्द भरतील का हे मनात यायचं. सदर संपल्यावर वर्षभर मी बागेत गेलेच नाही. म्हणून छंदावर लिहायची मागणी आली तर नाही म्हणा. मानधन चांगलं असलं तरीही. मी हे माझ्या मैत्रिणींना अगदी हात जोडून सांगते.

पेटीचा एक उपयोग मला पुढे कळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मी समा भागात बहिणीकडे होते, महिन्याची पेटी घेऊन. पहाटे अंगणात पाणी दिसलं. तिची तळातली कपाटं भिजली, भावजींच्या आयुष्यभराच्या संग्रहातली खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं गेली. ट्रंक आम्ही एका झटक्यात माळ्यावर टाकली. दोन दिवस वीज नव्हती. आम्ही दोघींनी वरच्या खोलीत खिडकीशी बसून आळीपाळीने कविता मोठ्याने वाचल्या. बहिणीने शाळा सुटल्यापासून कविता वाचली नव्हती. आता तिचीही पेटी आहे, आणि तीही वरच्या मजल्यावर असते. नदीकाठच्या गावात राहत असाल तर तुमचीही तिथेच ठेवा.

महिनाअखेरीला पेटी रिकामी करायची, पुस्तकं वाचून झालेली असोत वा नसोत. अर्धं राहिलेलं पुस्तक एकदाच पुढच्या महिन्यात जाऊ शकतं. दुसऱ्यांदाही राहिलं तर ते कपाटात किंवा ग्रंथालयात परत करायचं आणि त्या जागी दुसरं घ्यायचं. भाचीने पहिल्या महिन्यात सहापैकी दोनच वाचली आणि फोनवर हिरमुसली होती. मी तिला म्हटलं, "दोन तर झाली ना? उरलेली परत दे आणि एक तारखेला नवी भर." तिने विचारलं, "आणि कवितेचं?" ते तिला ठेवायचं होतं. मी म्हटलं, "ते ठेव."