फ्रीबीएसडीसाठी जॅंगोचे पोर्ट तयार करताना

जॅंगोसारख्या पायथनमधील वेब फ्रेमवर्कचे फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पोर्ट (म्हणजे ते तिथे बांधून बसवण्याची कृती सांगणाऱ्या फायली) बांधताना सर्वाधिक काळजी अवलंबित्वांची, म्हणजे त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेसची, घ्यावी, कारण आपल्या रोजच्या संगणकावर जॅंगोला लागणारी एएसजीआयरेफ आणि एसक्यूएलपार्स ही पॅकेजेस आधीच बसवलेली असतील, तर मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फायलीत, त्यांची नोंद राहून गेली तरी सगळे सुरळीत चालते आणि उणीव उघड होते ती थेट वापरकर्त्याकडे. म्हणून पोर्ट पूदरियर या बांधणीच्या साधनात बांधून पाहावे. तेथे प्रत्येक बांधणी कोऱ्या जेलमध्ये, म्हणजे बाकी यंत्रणेपासून अलग ठेवलेल्या वातावरणात, होते आणि मूळ कोडचा संग्रह उतरवण्याचा टप्पा सोडला तर नेटवर्क बंद असते. त्यामुळे नोंदवायचे राहिलेले अवलंबित्व किंवा बांधणीच्या वेळी परस्पर काही उतरवू पाहणारी स्क्रिप्ट बहुधा तिथेच पकडली जाते. केवळ चाचण्यांसाठी लागणारी पॅकेजेस चालवण्याच्या अवलंबित्वांत मिसळू नयेत. ती मेकफाइलमधील टेस्ट_डिपेंड्स या यादीत वेगळी लिहावीत.

आवृत्ती बदलल्यावर मेक मेकसम ही आज्ञा चालवून डिस्टइन्फो फायलीतील, उतरवलेला संग्रह पडताळण्याच्या बेरजा (चेकसम) नव्याने नोंदवाव्यात, हे ओघाने आलेच.

जॅंगोच्या दीर्घ पाठबळाच्या मालिकांसाठी, उदाहरणार्थ एप्रिल 2023 मध्ये आलेल्या 4.2 साठी आणि एप्रिल 2025 मध्ये आलेल्या 5.2 साठी, स्वतंत्र पोर्ट ठेवणे मला योग्य वाटते, कारण एकच पोर्ट पुढे सरकवत राहिल्यास नेहमीच्या अद्ययावतीकरणात कोणाचे तरी चालते संकेतस्थळ बंद पडू शकते. मात्र एकाच पायथनखाली दोन्ही मालिकांच्या फायली एकाच जागी बसतात, म्हणून त्यांच्यातील संघर्ष मेकफाइलमध्ये स्पष्टपणे जाहीर करावा.