चालण्याच्या सामूहिक उपक्रमाचे मूल्यमापन : या चुका टाळा

ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गृहनिर्माण संस्था सकाळी एकत्र चालण्याचा उपक्रम सुरू करते आणि सहा महिन्यांनी फायद्याचा प्रश्न निघाला की हजेरीची वही पुढे केली जाते. त्या वहीतून कोण येते एवढेच कळते. ज्यांनी पंधरवड्यात येणे सोडले त्यांची नावे पुढच्या पानावर उतरवलीच जात नाहीत, आणि मग टिकून राहिलेल्या, बहुधा मुळातच धडधाकट असलेल्या मंडळींची सरासरी उपक्रमाचे फलित म्हणून मांडली जाते. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाचा हिशेब शेवटपर्यंत ठेवावा आणि सोडून गेलेल्यांना फोन करून कारण विचारावे. गुडघेदुखी, नातवंडांची शाळा, अंधारात अंगावर येणारी कुत्री अशी जी उत्तरे मिळतात, त्यांवरच उपक्रमात काय बदलायचे ते ठरते.

रक्तदाबाच्या मोजणीत तर हमखास गोंधळ होतो. चालून आलेल्यांना घाम पुसत असतानाच टेबलाशी बसवून, शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून, गप्पा मारतच आकडा लिहिला जातो. व्यायामानंतर काही तास रक्तदाब एरवीपेक्षा खाली राहू शकतो; म्हणून पहिली मोजणी चालण्याआधीची आणि शेवटची चालल्यानंतरची असेल, तर कागदावरची घट फसवी ठरते. दोन्ही वेळा चालण्यापूर्वी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यानंतर, उघड्या दंडावर किमान दोनदा मोजावे. शिबिरात ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला तेवढ्यांनाच निवडून त्यांची सुधारणा दाखवणेही चूक आहे, कारण एखाद्या दिवशी वर गेलेला आकडा पुढच्या मोजणीत बरेचदा आपोआपच खाली येतो, मग ती व्यक्ती चालो वा न चालो.

अपेक्षाही माफक हव्यात. समूहाने चालण्यावरील 42 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 3.7 आणि खालचा सुमारे 3.1 मिलिमीटरने कमी झालेला आढळला. तेव्हा वीस-पंचवीस जणांच्या गटाची सरासरी पंधराने उतरलेली दिसली, तर टाळ्या वाजवण्याआधी यंत्र, मोजणीची वेळ आणि मधल्या काळात कोणाच्या गोळ्या बदलल्या हे तपासावे. मधुमेहींची एचबीए1सी ही रक्ताची चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे ती महिन्याभरात पुन्हा करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

‘तुम्ही नियमित चालता का?’ असे विचारले तर भिडेखातर बहुतेक जण होकारच देतात. त्याऐवजी गेल्या सात दिवसांत किती दिवस आणि प्रत्येक दिवशी किती मिनिटे चाललात, हे विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम श्रमाची असल्याने या उत्तराची तुलनाही करता येते. पावले मोजणारे यंत्र नवे असताना उत्साहाने जास्त चालणे होते, म्हणून पहिल्या काही दिवसांचे आकडे वगळावेत. सहा मिनिटांत किती अंतर कापले जाते ही चाचणीही उपयोगी आहे, मात्र नुसत्या सरावानेही दुसऱ्या वेळी अंतर वाढते, हे ध्यानात घेऊन आधी एक सरावफेरी घ्यावी.

जूनमध्ये मोजून डिसेंबरशी तुलना करणाऱ्यांना पावसाळा आणि थंडी यांतला फरक उपक्रमाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो. शक्य असल्यास शेजारच्या वस्तीतील इच्छुकांची तुकडी तीन महिने उशिरा सुरू करावी आणि दोन्हींची मोजणी एकाच आठवड्यात करावी. उशिरा येणाऱ्यांचे नुकसान होत नाही आणि तुलनेसाठी गट मिळतो.

सुरुवातीची मोजणी राहूनच गेली असेल, तर ‘सहा महिन्यांपूर्वी तुमचे वजन किती होते?’ असे आठवायला लावून रकाने भरू नयेत. यापुढे दाखल होणाऱ्यांची मोजणी पहिल्याच दिवशी करावी, आणि जुन्या तुकडीच्या अहवालात हजेरी व गळतीची कारणे एवढेच लिहून आरोग्याच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असे स्पष्ट म्हणावे.