'युनियन नाही, तक्रार नाही' असं लिहिण्याआधी

कारखान्यांच्या सोशल ऑडिटमध्ये, म्हणजे कामगारांना कसं वागवलं जातं याच्या तपासणीत, नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. पगारपत्रकं, हजेरीचं मस्टर, ओव्हरटाइमचा हिशेब तपासायला तुम्ही दोन-चार महिन्यांत शिकाल. चेकलिस्टवरचा संघटना स्वातंत्र्याचा आणि सामूहिक वाटाघाटींचा मुद्दा मात्र कागदावर सहसा सापडत नाही. सुरुवातीला मी तिथे 'युनियन नाही, तक्रार नाही' असं लिहून पुढे जायचे. त्याची खंत अजून आहे.

कायदा त्या त्या देशाचा वाचाच, पण पाया आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन करारांत आहे. 1948 चा 87 क्रमांकाचा करार सांगतो की, कामगारांनी आपल्या पसंतीची संघटना काढायला किंवा तिच्यात जायला आधी कुणाची परवानगी घ्यावी लागू नये. 1949 चा 98 क्रमांकाचा करार युनियनमध्ये असल्याबद्दल नोकरी नाकारणं, कामावरून काढणं, त्रास देणं यापासून संरक्षण देतो. मालकाच्या मुठीतली संघटना उभी करणं हाही त्यात हस्तक्षेपच मानला आहे. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण प्रत्यक्षात गाठ पडते ती बहुतेक वेळा त्याच्याशीच.

एका कारखान्यात मला कामगार समितीची फाइल दाखवली. वर्षभराची इतिवृत्तं, सगळ्या सह्या जागेवर. विषय कुठले, तर पिण्याचं पाणी, पंखे, स्वच्छतागृह. पगाराचा किंवा कामाच्या कोट्याचा एकदाही उल्लेख नाही. सह्या करणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, "तुम्हाला निवडून कुणी दिलं?" त्या म्हणाल्या, "निवडून? ऑफिसात बोलावलं, सही करा म्हणाले." समिती असणं वाईट नाही. पण निवडणूक झाली का, उमेदवार कुणी ठरवले, पगारावर बोलता येतं का, हे विचारल्याशिवाय तिला कामगारांचा आवाज समजू नका. युनियन असलेल्या ठिकाणी युनियनला डावलायला अशी समिती पुढे केली जात नाही ना, तेही बघा.

मागणी करणाऱ्यांवर उगवलेल्या सूडाचा माग तारखांमध्ये लागतो. मागणीपत्र कधी दिलं, त्यावर कुणाच्या सह्या होत्या, आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत बदल्या, मेमो, रात्रपाळी कुणाच्या वाट्याला आली, हे शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकेका मेमोचं कारण पटण्यासारखं असतं. सगळे मेमो त्याच सह्यांवर येऊन थांबत असतील, तर व्यवस्थापनाला खुलासा मागा.

आता माझी चूक. एकदा मशीनवर काम करणाऱ्या एका मुलीला मी तिथेच युनियनबद्दल विचारलं. सुपरवायझर चार पावलांवर उभा होता. तिने हातातलं काम न थांबवता नुसती मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत मला गाठून ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही संध्याकाळी जाल. मला उद्या इथेच यायचंय." तेव्हापासून मुलाखतींसाठी नावं मी स्वतः मस्टरवरून निवडते. कुणा एकावर रोख येऊ नये म्हणून वेगवेगळ्या विभागांतल्या बऱ्याच जणांना बोलावते, गटातही बोलते. कंपनीचं माणूस खोलीत बसू देत नाही. थेट 'युनियन' हा शब्दही काढत नाही. "पगारवाढ कशी ठरते? चौघांनी मिळून काही मागितलं तर काय होतं?" एवढ्यावर माणसं बोलायला लागतात.

युनियन नसणं हा आपोआप दोष ठरत नाही, आणि कामगारांना युनियन काढा असं सांगणं आपलं काम नाही. व्यवस्थापनाने प्रत्येक मागणी मान्य करावी असंही नाही. मात्र अधिकार असलेला माणूस वाटाघाटीला बसतो का, लागणारी माहिती देतो का, झालेला करार पाळतो का, हे तपासायलाच हवं. एका ठिकाणी प्रत्येक बैठकीला नवा अधिकारी यायचा आणि 'वर विचारून सांगतो' म्हणून उठायचा. ते मी तसंच, तारखांसकट अहवालात लिहिलं.

अहवालात नाव तर नकोच, पण 'शिलाई विभागातली, मागच्या वर्षी लागलेली' एवढंही नको. तेवढ्यावर माणूस ओळखता येतो. पाठवण्याआधी मसुदा त्या सुपरवायझरच्या नजरेने एकदा वाचा आणि ज्या ओळीवरून त्याला कुणाचा चेहरा आठवेल, ती बदला.