प्राचीन संस्कृतींची तुलना करताना: आधी काळ जुळवा, मग प्रश्न

'सगळ्यात थोर संस्कृती कोणती?' असं विचारलं की तुलना तिथेच फसते. उंची हा निकष धरला तर इजिप्त पुढे जातो, सांडपाण्याची व्यवस्था धरली तर सिंधू संस्कृती, लेखन धरलं तर मेसोपोटेमिया. म्हणजे निकष ठरवतानाच निकाल लागलेला असतो. त्यापेक्षा एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरं शेजारी ठेवावीत.

पहिलं काम काळरेषेचं. आलेखाच्या कागदाचे दोन तुकडे जोडून ४० सेंटिमीटरची रेघ ओढा. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर वर्षं धरली की इ.स.पू. ३००० ते इ.स. १००० एवढा काळ त्यावर मावतो. इजिप्तचा राजा खुफू याचा गिझा इथला पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या सुमारास, सिंधू संस्कृतीची बहराची नगरं इ.स.पू. २६०० ते १९००, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) ऊर शहराचा झिगुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यांचा मंदिर-मनोरा, इ.स.पू. २१व्या शतकात, आणि वेरूळचं कैलास लेणं इ.स.च्या आठव्या शतकात. पिरॅमिड आणि कैलास यांच्यात सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर पडतं. या अंतरात लोखंड आलं. खुफूच्या कारागिरांच्या हातात तांब्याच्या छिन्न्या होत्या, कैलास खोदणाऱ्यांकडे लोखंडी. दोन्हींचं कौतुक करा, पण 'कोणी जास्त दगड फोडला' ही स्पर्धा लावू नका. इ.स.पू. आणि इ.स. मधलं अंतर काढताना दोन्ही आकडे मिळवून एक वजा करा. शून्य हे वर्षच नाही.

आता प्रश्न निवडा, आणि तो अगदी नेमका असू द्या. 'स्थापत्य' फार मोठा पडतो. 'विटांचं बांधकाम आणि पाणी यांचा मेळ कसा घातला?' हा घेऊन बघा. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचं कुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. पूर्ण भरलं तर जवळजवळ दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. एवढं पाणी मुरू नये म्हणून भाजक्या विटा जिप्समच्या चुन्यात अगदी चपखल बसवल्या, त्यांच्यामागे डांबराचा थर दिला आणि त्याला पाठीमागून पुन्हा विटांचा आधार. ऊरमध्ये गरज नेमकी उलटी होती. झिगुरातचा गाभा कच्च्या विटांचा. तो ओल धरून फुगला तर बाहेरची भाजक्या विटांची, डांबरात बसवलेली भिंत फुटणार. म्हणून त्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं ठेवली, आतली ओल बाहेर पडावी यासाठी. विटा आणि डांबर तेच. एकीकडे पाणी आत धरून ठेवलं, दुसरीकडे ओलीला वाट करून दिली. कौतुक इथे करावं.

मोठ्या आकड्यांनी दिपून जायच्या आधी भागाकार करा. पिरॅमिडमध्ये अंदाजे २३ लाख दगड आहेत. काम २५ वर्षं, रोज दहा तास चाललं असं धरलं तर दिवसाला साधारण २५० दगड, म्हणजे दर अडीच मिनिटांनी एक. हे कळलं की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: खाण, होड्या, उतार, भाकरी. लाल समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ इथे २०१३ साली सापडलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांत, मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा इथला चुनखडीचा दगड होडीने गिझाला कसा नेला, याच्या नोंदी तिच्यात आहेत. गिझाजवळ कामगारांच्या वस्तीचे आणि तिथल्या बेकऱ्यांचे अवशेषही उकरून काढले आहेत. 'गुलामांनी चाबकाखाली बांधलं' हे वाक्य त्यामुळे वहीतून खोडून टाका.

फोटोंवरून तुलना करताना हमखास चूक होते. ऊरच्या झिगुरातचा दर्शनी भाग आणि जिने १९८०च्या दशकात नव्याने बांधलेले आहेत. मोहेंजोदडोच्या फोटोत उंचावर दिसणारा स्तूप सिंधू संस्कृतीचा नाही. तो तिच्यानंतर कित्येक शतकांनी, कुशाण काळात उभा राहिला असं मानतात.

न मिळालेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढताना हात आखडता घ्या. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही, म्हणून तिथल्या राजाचं नाव आपल्याला माहीत नाही. एवढ्यावरून राजाच नव्हता असं म्हणता येत नाही.

छोट्या वस्तूंना वहीत जास्त जागा द्या. सिंधूची वजनं म्हणजे चर्ट दगडाचे गुळगुळीत घन. सर्वांत लहान वजन एक ग्रॅमहूनही कमी, साधारण ०.८६, पुढे दुप्पट, चौपट, आठपट, सोळापट. सोळापट वजन भरतं सुमारे १३.७ ग्रॅम, आणि ते जागोजागी सापडतं. शेकडो किलोमीटर दूरच्या गावांत एकच माप चालवणं मला पिरॅमिडइतकंच अवघड काम वाटतं. हीच वजनं बहारीनमध्येही मिळाली आहेत. ऊरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत सिंधूकडचे कार्नेलियन या तांबूस दगडाचे नक्षीदार मणी आहेत, आणि मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन मेलुह्हाची (हे बहुधा सिंधू प्रदेशाचं तिथलं नाव) जहाजं आपल्या धक्क्याला लागतात असं शिलालेखात अभिमानाने सांगतो. तेव्हा वहीत शेवटचा रकाना देवाणघेवाणीचा आखा: काय गेलं, काय आलं, कोणत्या वाटेने.