चिप घेताना नावाचं शेपूट वाचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी एकदा पाच एटीमेगा३२८ (प्रोग्रॅम टाकून चालवायच्या मायक्रोकंट्रोलर चिप) उचलल्या. घरी प्रोग्रॅम टाकायला गेलो तर सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, जुळेना. अर्धी रात्र वायरी तपासण्यात गेली. शेवटी भिंग लावून चिपवरची अक्षरं वाचली, तर शेवटचा 'पी' नव्हताच! आर्डुइनो उनो या तयार बोर्डावर (आर३पर्यंतच्या) असते ती ३२८पी; तिची सिग्नेचर १ई ९५ ०एफ, बिनपीवालीची १ई ९५ १४. चिप वाईट नव्हती, प्रोग्रॅम टाकायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एम३२८ निवडताच चालली.

छोट्या कामाला मी एटीटायनी८५ (त्याच घराण्यातली छोटी चिप) घेतो. तिच्यात '८५-२०पीयू' २० मेगाहर्ट्झपर्यंत धावते, पण कमी वेगातही किमान २.७ व्होल्ट मागते. दोन पेन्सिल सेलवर महिनोन् महिने चालवायचं असेल तर '८५व्ही-१०पीयू' घ्या. ती ४ मेगाहर्ट्झपर्यंत १.८ व्होल्टवरही तग धरते. 'पीयू' ब्रेडबोर्डात, म्हणजे सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पाटीत, बसते. 'एसयू' (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायची बारीक पायांची) आली तर डोळे आणि सोल्डरिंग दोन्ही बारीक करा.

पैसे वाचवायला एटीटायनी२५ किंवा ४५ घ्यावी का? सगळे फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवायची जागा, बघतात (२, ४, ८ केबी), पण आधी संपते ती रॅम (चालू कामाची मेमरी): १२८, २५६, ५१२ बाइट. निओपिक्सेल या रंगीत एलईडी दिव्यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. ६० दिव्यांच्या पट्टीला झाले १८०! २५ बाद, ४५ मध्ये उरले ७६. मी मुकाट्याने ८५ घेतो.

८५च्या वापरायच्या पिना मोजताना सहा नाही, पाचच धरा. सहावी रीसेटची, म्हणजे चिप पुन्हा सुरू करायची. फ्यूज (चिपमधली मूळ सेटिंग) बदलून तीही वापरली, तर साधा प्रोग्रॅमर पुन्हा त्या चिपशी बोलत नाही.