डीव्हीडीवर टाकला की व्हिडिओ बिघडतो कुठे, आणि तो वाचवायचा कसा

बऱ्याच जणांना वाटतं डिस्क बर्न करताना क्वालिटी जाते. पण बर्नर बिचारा काहीच करत नाही, मिळालेला डेटा जसाच्या तसा लिहितो. वाट लागते ती त्याच्या आधी, सॉफ्टवेअर तुमच्या फाइलचं एमपेग-२, म्हणजे डीव्हीडी प्लेयरला कळणारा दाबून लहान केलेला व्हिडिओ, बनवतं तेव्हा.

म्हणून पहिलं हे ठरवा की डिस्क टीव्हीच्या प्लेयरवर लावायचीय की नुसती जपून ठेवायचीय. जपायचीच असेल तर कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स डेटा डिस्क म्हणून कॉपी करा, कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडूच नका, क्वालिटी तसूभरही जात नाही. प्लेयरवर लावायची असेल तर मात्र डीव्हीडी-व्हिडिओ करावी लागते आणि तिथे टीव्हीच्या दोन पद्धती आहेत, पॅलमध्ये ७२० बाय ५७६ पिक्सेल, एनटीएससीत ७२० बाय ४८० पिक्सेल, याच्या वर जाताच येत नाही. म्हणजे एचडी शूटिंग असेल तर थोडी धार जाणारच, ते आधीच मान्य करून टाका. दोन्हीतलं काय निवडायचं ते शूटिंग बघून, सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमचं असेल तर पॅल, ३० किंवा ६० चं असेल तर एनटीएससी, उलटं केलंत की कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र अडखळतं.

आता मुख्य गोष्ट, बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा मिळतो ते. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतं, म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट. त्याला व्हिडिओच्या सेकंदांनी भागा. ९० मिनिटं म्हणजे ५,४०० सेकंद, उत्तर येतं सेकंदाला ७ मेगाबिटच्या (एमबीपीएस) आसपास, त्यातून आवाज आणि मेनूसाठी थोडं सोडलं की व्हिडिओला ६.४ एमबीपीएस ठेवा, मस्त दिसतं. छोटा व्हिडिओ असेल तरी ८ च्या वर जायची गरज नाही, ९.८ ही कमाल मर्यादा आहे आणि तिच्या जवळ गेलं की जुने प्लेयर अडकतात. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ठेवला तर तोच दीड एमबीपीएस खातो, एसी-३ मध्ये, म्हणजे दाबून, १९२ केबीपीएसवर काम भागतं.

मी एकदा तीन तासांचं शूटिंग हट्टाने एकाच डिस्कवर कोंबलं होतं. बोलणारी माणसं ठीक दिसत होती, पण वाढदिवसाला चमकी उडाली आणि स्क्रीनभर नुसते चौकोन! चमकी, पाणी, हलणारी पानं यांना बिट जास्त लागतात. त्यामुळे दोन डिस्क करा, किंवा ८.५ जीबीची ड्युअल लेयर घ्या. शिवाय टू-पास व्हीबीआर (गरजेप्रमाणे बिटरेट कमी-जास्त करणारी सेटिंग) निवडा, वेळ जवळपास दुप्पट लागतो पण सॉफ्टवेअर आधी सगळा व्हिडिओ बघून मग बिट वाटतं.

मिनीडीव्ही (जुन्या कॅमकॉर्डरची छोटी) टेप असेल तर अजून एक खोड आहे, फील्ड ऑर्डर. तिथे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या भागांत, म्हणजे अप्पर आणि लोअर फील्डमध्ये असते, आणि त्यातलं आधी कोणतं हे सांगावं लागतं. मिनीडीव्हीत लोअर फील्ड आधी असतं, सेटिंगमध्ये अप्पर राहिलं तर झोक्यावरचं पोर पुढे-मागे थरथरत जातं. कॉम्प्युटरवर हे बऱ्याचदा कळतच नाही, टीव्हीवरच कळतं, म्हणून आधी दोन मिनिटांचा हलता तुकडा रीरायटेबल डिस्कवर टाकून बघा.

एडिटिंग करायचं असेल तर सगळं मूळ फाइलवर करा आणि एमपेग-२ एकदाच, अगदी शेवटी. बर्न मधल्या स्पीडला, व्हेरिफाय चालू ठेवून. आणि डिस्क नीट चालली म्हणून मूळ फाइल उडवू नका, डीव्हीडीवरून परत एडिट करायला गेलात तर आधीच पिळलेलं पुन्हा पिळाल.