आधी तळघरात या: मिनेसोटातल्या छोट्या गावातली लुथरन मंडळी

गावात येऊन महिना होतो न होतो तोच कुणीतरी विचारेल, ‘‘तुम्ही कुठल्या चर्चला जाता?’’ किराणा दुकानात विचारतील, शाळेत मुलांना घ्यायला गेलात की विचारतील. धर्म बदलायला सांगताहेत असं समजून मन आखडून घेऊ नका. आपल्याकडे नव्या माणसाला ‘गाव कुठलं?’ विचारतात, तसाच हा प्रश्न. ‘अजून कुठेच नाही’ असं सांगितलं तरी चालतं. त्यानंतर आमंत्रण येईल आणि ते मनापासूनचं असेल.

मी मूळची नगरची, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची भजनं म्हणत मोठी झाले. नवऱ्याच्या नोकरीमुळे १९ वर्षांपूर्वी पश्चिम मिनेसोटातल्या या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावात आलो, तेव्हा चर्च म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नाही असं वाटलं होतं. उपासना ओळखीची निघाली, आठवडा मात्र अनोळखी होता. तो आठवडा कुणी समजावून दिला असता तर आमचं पहिलं वर्ष इतकं एकटं गेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे, ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणि तितकंच हिंदू कुटुंबांसाठीही. नोव्हेंबर ते एप्रिल बाहेर बर्फ असतो आणि छोट्या गावात माणसं भेटायच्या जागा मोजक्याच असतात. चर्चचं तळघर ही त्यातली मोठी जागा.

पहिले आठ-नऊ महिने आम्हाला कुणीही घरी जेवायला बोलावलं नाही. रविवारी सगळे हसून बोलत, थंडी सोसते का विचारत आणि गाडीत बसून निघून जात. मला ते फार लागलं. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की पहिल्याच दिवशी शेजारून चहा येतो. पुढे हळूहळू लक्षात आलं की ही माणसं ओळख वाढवायला जेवायला बोलावत नाहीत, कामाला बोलावतात. ‘‘गुरुवारी बटाटे सोलायला हात कमी पडताहेत,’’ असं कुणी सहज म्हणालं, तर ती माहिती नव्हे, ते आमंत्रण आहे. मला असं तीनदा सांगितलं गेलं आणि तिन्ही वेळा मी नुसती मान डोलावली. तुम्ही पहिल्याच वेळी ‘येते’ म्हणा.

आता जरा नावांचा उलगडा. आमच्यासारख्या गावात दोन लुथरन, म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथरची परंपरा मानणारी, चर्च असू शकतात आणि दोन्हींवर पाटी लुथरनच. आमची मंडळी इव्हॅन्जेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, म्हणजे ईएलसीएची. तीन जुन्या लुथरन संस्था एकत्र येऊन १९८८ मध्ये ती झाली. तिच्यातल्या दोन मोठ्या संस्थांनी १९७० पासूनच स्त्रियांना पाळकाची दीक्षा द्यायला सुरुवात केली होती. आमच्या पाळकही बाईच आहेत आणि त्यांना सगळे ‘पास्टर’ला पहिलं नाव जोडून हाक मारतात, आडनाव लावायची गरज नाही. दुसरं चर्च बहुधा मिसूरी सिनड या दुसऱ्या लुथरन संस्थेचं असतं, मूळ जर्मन वसाहतकऱ्यांचं. तिथे स्त्री पाळक नसतात आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) साधारणपणे त्यांच्याच सभासदांसाठी असतं. त्यामुळे तिथे गेलात तर पाळकांना आधी भेटून विचारा. न विचारता पुढे जाऊ नका. आमच्याकडे बाप्तिस्मा झालेला कुणीही पुढे येतो. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असा, मेथडिस्ट असा, कॅथलिक असा, कुणी दाखला मागत नाही.

रविवारी नऊ म्हणजे नऊ. दहा मिनिटं आधी पोचा, कारण मागचे बाक आधी भरतात आणि नवे लोक मग सगळ्यांसमोरून पुढे चालत जातात. हिवाळ्यात बर्फाचे बूट दारातल्या रबरी चटईवर काढा आणि आतले बूट घाला. आपल्या खेड्यातल्या देवळांत अनवाणी बसायची सवय असेल तर इथे ते चमत्कारिक दिसतं. दारात एक छापील पत्रिका हातात देतील. तिच्यात उपासना ओळीनं लिहिलेली असते: केव्हा उभं राहायचं, कुठलं गीत, कुठलं वाचन. उपासनेचं आणि गीतांचं पुस्तक लाल आहे, २००६ चं. त्याआधीचं १९७८ चं हिरवं पुस्तक म्हाताऱ्या माणसांना पानांच्या आकड्यांसकट पाठ आहे.

गाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मला इथे धरून ठेवलं ते गाण्यानं. आपल्याकडे सगळी मंडळी एकच चाल गाते आणि पेटी तिला उचलून धरते. इथे पुस्तकात चारही आवाजांची स्वरलिपी छापलेली असते आणि साधे शेतकरीही आपापला आवाज धरून गातात. शेजारची आजी भलतंच काहीतरी गाते आहे असं पहिल्यांदा वाटेल. ती चुकत नाही, ती खालचा आवाज सांभाळते आहे. नॉर्थफिल्डच्या सेंट ओलाफ कॉलेजचं गायकवृंद १९१२ पासूनचं आहे, आणि असं शिक्षण घेतलेला एखादा तरी माणूस गावोगावी बाकावर बसलेला सापडतो. स्वरलिपी येत नसेल तर चाल धरा. वर्षभरात दुसरा आवाज आपोआप कानात बसतो. २४ डिसेंबरला रात्री दिवे मालवून हातात मेणबत्त्या धरून शेवटचं गीत होतं, वाद्याशिवाय, चार आवाजांत. त्या रात्री मुलांना झोप आली तरी त्यांना घेऊन थांबा.

शेवटचा आशीर्वाद झाला की दाराकडे जाऊ नका. जिना उतरून खाली या. कॉफी तिथे असते आणि ओळखी होतात त्याही तिथेच. पहिले दोन रविवार कोपऱ्यात उभं राहावंसं वाटेल. त्याऐवजी सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीशी जा आणि रिकामे कप गोळा करू का, असं विचारा.

बुधवारची संध्याकाळ ही चर्चची. या भागात शाळाही जुन्या रिवाजानं त्या संध्याकाळी सामने, कार्यक्रम ठेवायचं टाळतात. शाळा सुटली की लहान मुलं चर्चमध्ये येतात, साडेपाचला सगळ्यांचं साधं जेवण, आणि मग सातवी-आठवीच्या मुलांचा दृढीकरणाचा वर्ग. दृढीकरण म्हणजे कन्फर्मेशन, बाप्तिस्मा झालेल्या मुलानं आपली श्रद्धा स्वतः जाहीर करायचा विधी. त्यात ल्यूथरचं १५२९ सालचं लघु प्रश्नोत्तर शिकवतात आणि रविवारच्या उपदेशाची टिपणंही मुलांना लिहून द्यावी लागतात. दृढीकरण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, धर्मसुधारणेच्या सणाला होतं. मुलं पांढरे झगे घालतात, मंडळी लाल कपडे घालते. त्या दिवशी मुलाच्या घरी नातेवाईक जमतात आणि तुम्हाला बोलावलं असेल तर कार्ड आणि थोडे पैसे द्यायची रीत आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, बुधवारी जेवणाऐवजी सूप आणि पाव असतो, पाठोपाठ छोटी, गायलेली सायंप्रार्थना. मोठी गर्दी नसते, प्रवचन लांबत नाही. कामावरून दमून येणाऱ्यांनी वर्षातून दुसरं काही नाही तरी हे पाच-सहा बुधवार चुकवू नयेत असं मला वाटतं.

गुरुवारी सकाळी गोधड्या. हो, गोधड्याच. जुन्या चादरी, पडदे, कपडे यांचे चौकोन कापून जोडतात, मध्ये जुनं ब्लँकेट घालतात आणि तिन्ही थर लोकरीच्या गाठी मारून बांधतात. आपल्यासारखे धावते टाके घालत नाहीत. माप साधारण ६० इंच बाय ८० इंच. पाठवायच्या आधीच्या रविवारी सगळ्या गोधड्या बाकांच्या पाठींवर पसरतात, मंडळी त्यांवर हात ठेवून प्रार्थना करते, आणि मग त्या लुथरन वर्ल्ड रिलीफमार्फत युद्ध किंवा आपत्तीतल्या लोकांकडे जातात. ही संस्था १९४५ मध्ये युरोपातल्या युद्धग्रस्तांसाठी सुरू झाली. माझी आई दोन वर्षांपूर्वी आली होती. तिला इंग्रजीचे चार शब्द येतात. पण सुई हातात घेऊन तिनं त्या टेबलाशी तीन तास काढले, आणि निघताना ऐंशीच्या घरातल्या दोघीजणी तिचे टाके उलटेसुलटे करून पाहत होत्या. भारतातून आई-वडील येणार असतील आणि दिवसभर घरात बसून कंटाळतील अशी काळजी असेल, तर गुरुवारी त्यांना इथे सोडा.

आता अंत्यविधीचं जेवण. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण मंडळी काय आहे ते मला इथेच कळलं. गावात कुणी गेलं की एका तासात फोन फिरतो. सभासदांचे पाच-सहा गट केलेले असतात आणि पाळी ठरलेली असते. ज्यांची पाळी असेल ते हॅमचे बन, बटाट्याचं सॅलड, लोणची, कॉफी आणि बार्स आणतात. बार्स म्हणजे ताटात थापून भाजलेल्या गोड वड्या समजा. वर उपासना चालू असते तेव्हा खाली ही माणसं टेबलं मांडत असतात. दफन आटोपून घरचे लोक परत येतात तोवर दीडशे माणसांचं जेवण तयार असतं. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद कडू घास घेऊन येतात. इथले भाऊबंद शिकागोला नाहीतर ॲरिझोनात असतात, म्हणून ते काम मंडळी करते. गेलेला माणूस कधी चर्चला फिरकला होता की नाही, हे कुणी विचारत नाही.

आमच्या चौथ्या हिवाळ्यात एका बाईंनी मला विचारलं, ‘‘तुझं नाव तिसऱ्या गटात घालू का?’’ त्या दिवसापासून लोक माझ्याशी हवामानाखेरीज इतर गोष्टी बोलू लागले. भांडी पुसताना बोलणं होतं, समोरासमोर खुर्चीत बसून होत नाही. कुणाच्या मुलानं शेत विकायचं ठरवलं, कुणाच्या नवऱ्याला विसरायला होतं आहे, हे सगळं मी ओलं फडकं हातात असताना ऐकलं. माझे वडील गेले आणि मला वेळेवर पोचता आलं नाही, तेव्हा त्याच तिसऱ्या गटानं आमच्या दारात तीन दिवस डबे ठेवले. घंटी न वाजवता ठेवून जात. पहिल्या वर्षी मला हा कोरडेपणा वाटला असता.

खाण्यापिण्याचं नीट ध्यानात ठेवा. हॉटडिश म्हणजे भट्टीत भाजलेला एकत्र पदार्थ. त्यात बहुधा गोमांसाचा खिमा असतो, वर बटाट्याचे तळलेले गोळे. घेवड्याच्या उसळीतही बेकन असू शकतं. रंगीत, हलणारी जेली प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनची असते. मोठ्या सणाला कॉफी करताना तिच्यात अंडं फेटून घालायची जुनी स्कँडिनेव्हियन पद्धत अजून काही ठिकाणी आहे, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर तेही विचारा. विचारण्यानं कुणी दुखावत नाही. सामूहिक जेवणाला स्वतः काहीतरी घेऊन जाणं उत्तम. माझा अनुभव असा की मसालेभात कमी तिखट केला तर भांडं रिकामं परत येतं. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहून लावा, सगळे लावतात. आणि कुणी ‘हे जरा वेगळंच लागतंय’ म्हणालं तर पुढच्या वेळी तो पदार्थ करू नका.

पैशांचं थोडक्यात: ताट समोरून फिरतं, पाहुण्यांनी काही टाकायची अपेक्षा नसते. सभासद झालात तर आकडा घातलेली पाकिटं मिळतात आणि वर्षाअखेरीस करासाठी हिशेबाचा कागद. जानेवारीच्या सुमारास वार्षिक सभा होते. तिच्यात पाळकांच्या पगारापासून बर्फ उपसण्याच्या खर्चापर्यंत प्रत्येक आकडा छापून सगळ्यांपुढे ठेवतात आणि त्यावर मतदान होतं. नवा पाळक बोलवायलाही मंडळीचं दोन तृतीयांश मत लागतं.

हिंदू कुटुंबांना माझं सांगणं इतकंच की बुधवारचं जेवण, गोधड्या, अन्नवाटप, उन्हाळ्यातली मुलांची आठवडाभराची शाळा, यांतल्या कशालाही बाप्तिस्मा लागत नाही. मुलांच्या शाळेत बायबलच्या गोष्टी असणार, हे मात्र समजून-उमजून पाठवा. प्रभुभोजनाच्या वेळी बाकावर बसून राहा, किंवा पुढे जाऊन हात छातीवर दुमडा. पाळक भाकर न देता आशीर्वाद देतील. दोन्हींत काही वावगं नाही. आणि कुणी फार आग्रह करून अवघडल्यासारखं करत असेल, तर पाळकांना तसं स्पष्ट सांगा. आमच्या मंडळीत ते ऐकून घेतलं जातं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लेफ्सा लाटायचा असतो. उकडलेले बटाटे किसून, लोणी-साय घालून रात्रभर गार ठेवतात, सकाळी पीठ मिसळून पातळ पोळ्या लाटतात, मोठ्या तव्यावर भाजतात आणि लांब चपट्या काठीनं उलटतात. लोणी-साखर लावून गुंडाळी करून खातात. आपल्या तूप-साखर-पोळीच्या अगदी सख्ख्या नात्यातलं. नॉर्वेहून आलेल्या आज्यांच्या हातची ही विद्या पुढच्या पिढीला फारशी येत नाही, आणि पोळी लाटणारा हात तिथे लगेच ओळखला जातो. सकाळी साडेसातला या. पुढचं दार बंद असतं, स्वयंपाकघराकडच्या मागच्या दारानं खाली उतरा. लाटणं आणू नका, खाचांची लाटणी तिथेच आहेत. ॲप्रन मात्र आणा, पीठ फार उडतं.